झडती देणार नाही

४ फेब्रुवारी

वन्सं,

नमस्कार करते. पत्र बघून दचकू नका, घरात सगळे धडधाकट आहेत. फोन सोडून लिहायला बसले, कारण घरात फोन एकच आणि तो तुमच्या भावाच्या खिशात. त्याच्यावर बोलायचं म्हणजे अर्धं त्यांना ऐकवायचं आणि अर्धं शेजाऱ्यांना. हे मात्र आधी तुम्हालाच सांगायचंय.

मी कपड्यांच्या कारखान्यात लागले त्याला आता चौथं वर्ष. दोनशेच्या वर बायका आहोत. हॉस्पिटलांसाठी शिवतो, पेशंटचे गाऊन, नर्सचे कोट. मी बाह्या जोडते. सकाळी आत जाताना आम्हाला कुणी काही विचारत नाही, पण सुटल्यावर गेटवर झडती होते, कापड चोरून नेतात म्हणून. झडती घेणारा वॉचमन पुरुष आहे. डबा बघतो, पिशवी बघतो, मग हात. कुठे कुठे ते लिहीत नाही, तुम्ही बाईच आहात. आम्ही रोज मान खाली घालून, श्वास धरून तेवढं अंतर पार करतो, आणि बाहेर पडल्यावर भाजी काय करायची ते बोलतो.

गेल्या मंगळवारी माझ्यापुढे एक नवी मुलगी होती. आठवडाच झाला होता तिला लागून. तिची पाळी अचानक आली, जवळ काही नाही, म्हणून कटिंगच्या टेबलाखाली पडलेली चिंधी तिने घेतली. वॉचमनच्या हाताला ती लागली. त्याने ती काढायला लावली, सगळ्यांसमोर. "कंपनीचा माल," म्हणाला, आणि रांग संपेपर्यंत ती तिच्याच हातात धरायला लावून तिला भिंतीशी उभं केलं. वन्सं, मी तिच्या मागेच होते. मी माझ्या चपलांकडे बघत राहिले.

मुलगी दुसऱ्या दिवशी आली नाही.  तिसऱ्या दिवशी मी काजआक्कांकडे गेले. कारखान्यातली सगळ्यात जुनी बाई, काजं करते, बोलते कमी. मी म्हटलं, मी उद्यापासून त्या माणसाला हात लावू देणार नाही. त्या म्हणाल्या, "सोळा वर्षं वाट बघतेय, कुणीतरी हे म्हणेल म्हणून. म्हणालीस ना, आता मागे फिरू नकोस."

काल आम्ही अकराजणी रांगेच्या बाजूला उभ्या राहिलो. पिशव्या उघड्या, डबे उघडे. झडती देणार नाही, एवढंच वाक्य. दोन तास गेट बंद ठेवलं, शेवटी सुपरवायझरने सोडलं.

यांना बोलले नाही. यांची गाडी त्याच कंपनीचा माल वाहते, तुम्हाला ठाऊक आहे. तुम्हीही बोलू नका.

तुमची,
चिमणी


२१ फेब्रुवारी

चिमणे,

तुझं पत्र यायच्या आधी धाकट्याचा फोन आला. तू लपवलंस ते त्याला माल भरताना चार ड्रायव्हरांनी हसत हसत सांगितलं. नवऱ्याला घरची बातमी टोळक्यात कळावी, हे बरं दिसलं का?

लग्न होऊन आलीस तेव्हा काडीसारखी होतीस म्हणून मीच तुझं नाव चिमणी ठेवलं. चिमणीने चिमणीसारखं राहावं. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये. उद्या तुझं काम जाईल, त्याची गाडी जाईल, आणि ज्या अकराजणींच्या जिवावर उड्या मारतेस त्यांच्यातल्या दहाजणी तुला ओळखही दाखवणार नाहीत. याला हात दाखवून अवलक्षण म्हणतात. त्या मुलीचं वाईट झालं, पण ती काही तुझ्या पोटची नाही. सुपरवायझरला सांगून इस्त्रीच्या खात्यात बदली घे, तिथल्या बायका मागच्या दाराने सुटतात असं तूच मागे म्हणाली होतीस.

आणि खरं सांगू? हात लागला म्हणून कुणी झिजत नाही. आपण सगळ्यांनीच सोसलंय.

माझं इथे परदेशात छान आहे. हॉस्पिटलच्या ऑफिसात बसून काम, बाहेर बर्फ असलं तरी आत ऊब. काळजी नसावी. धाकट्याचं ऐक.

तुझी,
वन्सं


९ मार्च

वन्सं,

तुमचं पत्र तीनदा वाचलं. चौथ्यांदा वाचणार नाही.

झिजतं, वन्सं. कापड झिजावं तसं झिजतं, रोज तिथेच घासलं जातं म्हणून. माझी लेक आठ वर्षांची आहे. परवा शाळेतून येताना कुणीतरी मागून ओढलं तर तिने मागे वळूनसुद्धा बघितलं नाही, नुसती मान खाली घालून भरभर चालत आली. हे तिला कुणी शिकवलं? मी तर तोंडाने कधी शिकवलं नाही.

तुमच्या त्या दहाजणींचं सांगते. त्यांनी ओळख तर दाखवलीच, वर आणखी साठजणी आणल्या. आता आम्ही सत्तरच्या वर आहोत. सुपरवायझर म्हणाला, झडती नाही तर बाहेर जाणं नाही. आक्का म्हणाल्या, बरं, आणि गेटच्या आत फतकल मारून बसल्या. आम्हीही बसलो. रोज सुटल्यावर बसतो. बाहेर पोरं, म्हातारे घ्यायला येतात, त्यांचीही गर्दी होते, मालाच्या गाड्या अडतात, मग सोडतात. पाय मोकळे करायला एकीने जागच्या जागी कवायत सुरू केली, ती इतकी वाईट करते की वॉचमनलाही हसू आलं. त्याचं हसू बघून आमचं थांबलं.

तुमच्या भावाने तुम्हाला पुढचं सांगितलं नसेल. त्यांना साहेबाने बोलावून विचारलं, बायको आवरत नाही का? घरी येऊन म्हणाले, मी हवा की गेट हवं ते ठरव. मी म्हटलं, तुम्ही हवेत, आणि मी गेटवर जाणार. चार कपडे घेऊन मित्राच्या खोलीवर गेलेत. रविवारी येऊन लेकीला फिरवून आणतात, माझ्याकडे न बघता चहा पितात.

राग तुमच्यावर काढते, कारण बाकी कुणावर काढायची सोय नाही. तुमच्या त्या उबदार ऑफिसातून कधी वॉर्डात गेलात तर पेशंटच्या अंगावरचे निळे गाऊन बघा. आमच्या मालाच्या आत पानाच्या खुणेचं लेबल असतं. डाव्या बाहीच्या सांध्याला टीप दोनदा मागे घेतलेली दिसली, तर ती माझी. बाकीच्या एकदाच घेतात.

चिमणी


३० मार्च

चिमणे,

मी ऑफिसात नाही. कधीच नव्हते.

हॉस्पिटलच्या तळघरात लाँड्री आहे, तिथे मी कपडे धुते आणि घड्या घालते. खिडकी एकही नाही. वरच्या सगळ्या मजल्यांवरून एका नळकांड्यातून चादरी, गाऊन धप्प धप्प खाली पडतात, त्यांत रक्त, ओकारी, काय नसतं ते विचार. घरी ऑफिस सांगितलं, कारण निघताना सगळे तेच धरून चालले होते, आणि मी खोडलं नाही. अकरा वर्षं खोडलं नाही.

नवा माल आला की वापरायच्या आधी एकदा धुवायचा असतो, म्हणून गठ्ठे मीच फोडते. तुझं पत्र आलं त्या दिवशी निळ्या गाऊनांचा गठ्ठा समोर होता. पान दिसलं. पान तर मी रोज बघते गं, कधी विचार केला नव्हता. मग डाव्या बाह्या उलट्या करत बसले. चौदाव्या गाऊनला टीप दोनदा मागे घेतलेली. मी तिथेच गठ्ठ्यावर बसले.

तुला लिहिलं ते वाक्य माझं नाही. तुझ्या सासूचं आहे. एकोणीस वर्षांची असताना मी एका पॅकिंगच्या कारखान्यात होते. तिथेही झडती होती. एक दिवस घरी येऊन आईच्या मांडीवर डोकं ठेवून सांगितलं, तेव्हा ती म्हणाली, हात लागला म्हणून कुणी झिजत नाही. ती वाईट नव्हती. तिला तिच्या आईने तेच सांगितलं असणार. मी ते जपून ठेवलं आणि वेळ आल्यावर तुला दिलं. मला माफ कर.

सुट्टीत मी तुझं पत्र माझ्याबरोबरच्या बायकांना सांगितलं. आम्ही बाराजणी सात देशांतल्या, मोडकंतोडकं बोलतो. ड्रायरवर एक धिप्पाड बाई आहे, आम्ही तिला ड्रायरवालीच म्हणतो. ती कुणाचं ऐकून घेत नाही, पण हे सगळं ऐकलं आणि विचारलं, "त्यांना काय हवंय?" एका मासिकात काम करणारी बाई आमच्या युनियनच्या बैठकीला येते, तिथेही तुझं सांगितलं तर ती लगेच म्हणाली, हा माल घेऊच नका अशी मोहीम काढू. ड्रायरवालीने तिला गप्प केलं. म्हणाली, घर त्यांचं, आग त्यांच्या घरात, पाणी कुठे ओतायचं ते त्यांना विचारा.

तर विचारते. काय करू?

तुझी,
वन्सं


१८ एप्रिल

वन्सं,

तुमचं पत्र आक्कांच्या खोलीवर मोठ्याने वाचलं. पस्तीस बायका, बसायला जागा नाही, दोघी खिडकीत. तुमच्या आईचं वाक्य आक्कांनी पुन्हा वाचायला लावलं. मग एकजण म्हणाली, माझी आई म्हणायची, डोळे मिटून घे. दुसरी म्हणाली, माझी म्हणायची, जाड कपडे घाल. अर्धा तास नुसत्या आयांची वाक्यं चालली होती.

मग ठरलं ते असं. माल बंद करायला लावू नका. माल बंद झाला तर कंपनी दुसरीकडे उघडेल आणि आम्ही चुलीपाशी बसू. कीव करू नका, तिचा इथे काही उपयोग नाही. तुमच्या हॉस्पिटलात माल विकत घेणारा जो कोणी साहेब असेल, त्याने आमच्या कंपनीला कागदावर विचारावं की बायकांची झडती कोण घेतो आणि कशी. आमचं कुणी ऐकत नाही, पण गिऱ्हाइकाचा कागद ऐकतात. आमची नावं, आमचे फोटो कुठेही नकोत. आणि नवं काही करायचं तर आधी विचारा. ड्रायरवाल्या बाईंना म्हणावं, आक्का म्हणतात तुम्ही इकडे असतात तर आमचं काम आठ दिवसांत झालं असतं.

इकडचं सांगायचं तर चौघींना कामावरून घरी बसवलंय. आक्कांच्या डब्यात दोऱ्याचं रीळ सापडलं. सोळा वर्षांत ज्या बाईने सुई घरी नेली नाही, तिच्या डब्यात भाजीखाली रीळ. ती कवायतवाली, तिलाही काढलं, आणि कटिंगमधली एक गरोदर बाई, तिला. चौकशी होणार म्हणतात. तोवर गेटच्या आत बाकीच्या बसतात आणि बाहेर या चौघी.

लेक बरी आहे. मीही.

चिमणी


६ मे

चिमणे,

चौघी लिहिलंस आणि तिघींचं सांगितलंस. चौथी तू. मी घड्या मोजते, माणसं मोजायला चुकेन का?

आता ऐक. वॉर्डातला माल अडवायचा नाही हे आम्ही पहिल्यांदा ठरवलं, आजारी माणसाने काय पाप केलंय. पण नवे गठ्ठे आम्ही फोडले नाहीत. सकाळी ट्रॉल्यांवर चढवून तिसऱ्या मजल्यावर नेले आणि खरेदीच्या साहेबाच्या दारापुढे रचले. त्याला केबिनमधून बाहेर पडता येईना. बाजूला वाफेने भिजलेल्या आम्ही बाराजणी उभ्या. तो म्हणाला, हे काय चाललंय? मी तुझी गोष्ट सांगितली, तोंडी, मला येते त्या भाषेत. तो म्हणाला, हा त्यांचा आतला प्रश्न आहे. तेव्हा ड्रायरवाली पुढे झाली आणि अगदी सावकाश म्हणाली, "हात वर करा. मी तुमची झडती घेते. तुमच्या हाताखालची माणसं बघतायत, बघू देत."

तिने हात लावला नाही. नुसती समोर उभी राहिली. पण तो माणूस दोन पावलं मागे गेला आणि त्याने शर्टाचं वरचं बटण लावलं, चिमणे. कुणी त्याला सांगितलं नव्हतं.

कागद गेला आहे. गेल्या आठवड्यात दुसऱ्या दोन शहरांतल्या हॉस्पिटलांच्या लाँड्रीतूनही तसेच कागद गेले, आणि नर्सबायका आमच्या बाजूने सह्या करतायत. तुमच्या कंपनीला तीन गिऱ्हाइकांना उत्तर द्यायचंय.

धाकट्याला फोन केला होता. आधी त्याला माझ्या तळघराचं सांगितलं, मग एकोणीस वर्षांची असतानाचं.  त्याने विचारलं, तेव्हा मी कुठे होतो? मी म्हटलं, तू सहावीत होतास. पण आता नाहीस.

तुझी,
वन्सं


२४ मे

वन्सं,

माझं पत्र छापलंत?

कालपासून गेटवर ते चिकटवलंय. तुमच्याकडच्या कुठल्याशा मासिकाचं पान, त्याखाली आपल्या भाषेत सगळं, आणि वर लाल अक्षरांत, "परदेशी लोकांच्या तालावर नाचणाऱ्या बायका." त्यात माझं नाव नाही, हे खरं. पण त्या मुलीचं सगळं आहे. पाळी, चिंधी, भिंत, सगळं. नाव नसलं म्हणून काय झालं, कारखान्यात आणि वस्तीत कोण ओळखणार नाही?

तिचे वडील दारात आले होते. ओरडले नाहीत, तेच वाईट. म्हणाले, माझ्या पोरीची लाज तुम्ही दूरच्या लोकांना वाचायला दिलीत.  दारात उभ्या उभ्या मी पुन्हा माझ्या पायांकडे बघत होते.

आम्ही काय मागितलं होतं? आधी विचारा, एवढंच. तुमच्या त्या बाईला वाटलं असेल की तिकडे लोकांना पाझर फुटेल. फुटला असेल. इकडे पंचाहत्तरच्या चाळीस झाल्या.

पण मी तुमच्याशी भांडते आहे म्हणजे आम्ही हरलो असं धरू नका. त्या चाळीस बसल्याच आहेत. चौकशी २० जूनला आहे. कामगार खात्याच्या एक बाई येणार आहेत आणि गिऱ्हाइकांचा माणूसही येणार आहे, तो तुमच्या कागदांमुळे येतोय, हेही मला कळतं. म्हणून तर जास्त राग येतो.

चिमणी


८ जून

चिमणे,

चूक माझी. तुझं पहिलं पत्र मी बैठकीत वाचून दाखवलं, शब्द न् शब्द सांगितला, आणि मासिकवाली लिहून घेत होती ते मला दिसत होतं. मला अभिमान वाटत होता, म्हणून मी तिला थांबवलं नाही. माझी भावजय किती धीट, हे साऱ्यांना कळावं असं वाटलं. तुझ्या धीटपणावर मी मिरवले आणि किंमत त्या मुलीने दिली.

ड्रायरवाली मासिकाच्या कचेरीत जाऊन बसली. तुमच्याकडे गेटवर बसतात तशीच. त्यांनी माफी छापायचं कबूल केलंय आणि इथून पुढे तुमच्या होकाराशिवाय अवाक्षर नाही. छापलेलं परत घेता येत नाही, हे मला माहीत आहे. मुलीच्या वडिलांना वेगळं पत्र सोबत ठेवलंय. त्यात सबब एकही नाही. द्यायचं की नाही ते तू ठरव.

मी सप्टेंबरात कायमची परत यायचं म्हणते. इथला कंटाळा आला, हातही दुखतात. बॅग काढून ठेवली आहे.

तुझी,
वन्सं


३ जुलै

वन्सं,

पहिल्यांदा चौकशीचं.

१९ तारखेला ती मुलगी माझ्याकडे आली. पाच महिन्यांनी बघत होते मी तिला. तुमचं पत्र तिच्या वडिलांना दिलं होतं, ते तिनेच त्यांना वाचून दाखवलं म्हणाली. मी माफी मागायला तोंड उघडलं तर तिने थांबवलं. म्हणाली, "गेटवर लावलंय ते मी वाचलं. त्यात सगळं आहे, फक्त मी काय म्हणते तेवढं नाही. उद्या मी येते."

चौकशीच्या खोलीत लांब टेबल. एका बाजूला कंपनीचे तीन साहेब, सुपरवायझर, वॉचमन. दुसऱ्या बाजूला खात्याच्या बाई आणि गिऱ्हाइकांचा माणूस. आम्ही चौघी भिंतीशी. कंपनीने तुमच्या भावालाही बोलावलं होतं, बायको परदेशातून शिकवणी घेते असं त्यांच्याकडून वदवायला. ते उभे राहिले, टोपी हातात. म्हणाले, "ती माझ्या बहिणीला पत्रं लिहिते. नणंद-भावजयींनी पत्र लिहिणं गुन्हा असेल तर माझीही गाडी काढून घ्या." खरंच काढून घेतली, त्याच दुपारी. आता दुसऱ्याची चालवतात. सामान घेऊन घरी आलेत. अजून फार बोलत नाहीत, पण माझ्याकडे बघून चहा पितात.

मग ती मुलगी आत आली. मागे तिचे वडील. एक साहेब म्हणाले, ही आमच्या कामावर नाही, हिचा काय संबंध? खात्याच्या बाई म्हणाल्या, बोलू दे. ती बसली नाही. त्या दिवशीचं सगळं सांगितलं, ज्या शब्दांना आम्ही एकमेकींतही आवाज खाली करतो ते सगळे शब्द नीट, मोठ्याने. मग म्हणाली, "अर्धा तास ती चिंधी मी हातात धरली होती. मी चोरी केली नाही. लाज वाटायचं काम माझ्याकडून झालं नाही. ज्याच्याकडून झालं तो इथे खुर्चीवर बसलाय आणि मी उभी आहे, हे तुम्ही लिहून घ्या."

बाईंनी लिहून घेतलं. तिच्या वडिलांनी काय केलं सांगू? कोपऱ्यातली रिकामी खुर्ची उचलून आणली आणि मुलीच्या मागे ठेवली.

आठवड्याने हुकूम लागला. अंगाला हात लावून झडती बंद. पिशवी बघायची ती बाईने. वॉचमनला काढलं, सुपरवायझरची बदली. मला, कवायतवालीला, गरोदर बाईला परत घेतलं. मुलीला विचारलं तर ती म्हणाली, मी तुमच्याकडे काम करणार नाही, फक्त तुम्ही बोलावलंत हे लेखी द्या. दिलं. आक्कांना मात्र घेत नाहीत, वय झालं म्हणतात. म्हणून आम्ही अजून रोज सुटल्यावर गेटच्या आत अर्धा तास बसतो आणि आक्का बाहेर बसतात. आता पंचाहत्तर नाही, दोनशे बारा. एकही घरी जात नाही.

पहिल्या दिवशी गेटमधून सरळ चालत बाहेर आले ते सांगायचं राहिलं. हात कुठे ठेवावेत तेच कळेना. इतकी वर्षं अंग चोरून चालायची सवय. मागून कुणीतरी ओरडलं, "चिमणे, हात हलवत चाल की." मग हलवले.

आता तुमचं. तुम्हाला कंटाळा? घरात तीन दिवस पाणी नव्हतं तेव्हा विहिरीवरून गाणं म्हणत यायच्या त्या तुम्ही. मी यांना फोन करायला लावला. तुम्ही त्यांना खरं सांगितलंत, भावाशी खोटं बोलता येत नाही तुम्हाला. गठ्ठे वर नेल्याबद्दल लेखी ताकीद आणि सप्टेंबरनंतर कामाचा करार पुढे नाही. करार नाही म्हणजे तिथे राहायचा परवानाही नाही. आणि हे मला लिहिताना तुमचे हात दुखत होते.

आम्ही आक्कांसमोर बसून तुमच्या हॉस्पिटलच्या मुख्य साहेबाला पत्र लिहिलंय. तुमच्यासारखं मी न विचारता काही केलेलं नाही, तुमच्या भावाने तुम्हाला फोनवर विचारलं होतं आणि तुम्ही नुसत्या रडलात, त्याला आम्ही होकार धरला. त्यात विनंती नाही. तुमच्या हॉस्पिटलात घालतात तो प्रत्येक गाऊन आम्ही शिवतो आणि ही बाई धुते, आमच्यासाठी बोलली म्हणून तिला काढणार असाल तर तसं आम्हाला कागदावर कळवा, आम्ही तो कागद गेटवर लावू, एवढंच लिहिलंय. खाली दोनशे बारा सह्या, त्यांत एकोणतीस अंगठे. ड्रायरवाल्या बाईंना एक प्रत वेगळी पाठवली आहे.

बॅग परत माळ्यावर टाका.

चिमणी


२ ऑगस्ट

चिमणे,

काल मुख्य साहेबाने बोलावलं. मी एकटी जाणार होते, पण ड्रायरवालीने मशीन बंद केलं, मग बाकीच्यांनी केली. तळघरात मी कधी ऐकली नव्हती अशी शांतता झाली. आम्ही बाराजणी लिफ्टमध्ये मावेना म्हणून जिन्याने वर गेलो. वाटेत नर्सबायका सामील झाल्या, दोघी तर पेशंटची औषधं देऊन धावत आल्या.

साहेबाच्या टेबलावर तुमचं पत्र होतं, शेजारी कुणीतरी करून दिलेलं भाषांतर. तो दमलेला माणूस आहे, वाईट नाही. त्याने मला विचारलं, पगार वाढवून हवा आहे का? मी म्हटलं, नको, ताकीद फाडून हवी आहे. तो म्हणाला, ते नियमात बसत नाही. ड्रायरवाली म्हणाली, मग नियम उठवून बसवा. मी तिचं बोलणं सांभाळून घ्यायला गेले आणि मग थांबले. कशाला सांभाळू?

ताकीद रद्द झाली आहे. करार एका वर्षाचा मिळाला, दोनाचा मागितला होता. पुढच्या वर्षी पुन्हा जिना चढावा लागेल, चढू. यापुढे नवा माल घेताना झडतीचा प्रश्न पहिल्या पानावर असणार, हे खरेदीच्या साहेबाने सगळ्यांसमोर कबूल केलं. आक्कांचं त्याला सांगितलंय. त्याबद्दल तुमच्या कंपनीला वेगळा कागद जायला हवा की नको ते तुम्ही बसून ठरवा आणि कळवा, तोवर आम्ही हलणार नाही.

निघताना मुख्य साहेबाने तुझ्या सहीवर बोट ठेवून विचारलं, ही बाई तुमची कोण?

मी म्हटलं, "भावजय."

मग त्याने पान उलटलं. सगळ्या सह्या, आणि एकोणतीस अंगठे. "आणि ह्या?"

मला दुसरा शब्द आठवेना, आणि शोधावासाही वाटला नाही. म्हटलं, "ह्यासुद्धा."

तुझी,
वन्सं